पोथी अस्सल निघाली, मग पुढे?

हजारो वर्षं हातानं उतरवलेल्या बायबलवर भरवसा ठेवायचा कसा? नकला करणाऱ्यांनी घोळ घातलाच असेल ना? (एक वाचक, मिरज)

घातला, आणि तो पकडताही येतो. १९४७ साली मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत बेदुइन (भटक्या अरब) मेंढपाळांना चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. त्यातली यशयाची (बायबलमधल्या एका संदेष्ट्याच्या ग्रंथाची) गुंडाळी सात मीटरहून लांब, साधारण इ.स.पू. दुसऱ्या शतकातली. हिब्रू बायबलची सर्वांत जुनी संपूर्ण पोथी आहे इ.स. १००८ ची. हजारेक वर्षांचं अंतर, तरी यशया ओळखू येतो. स्पेलिंगचे आणि किरकोळ शब्दांचे फरक भरपूर, ग्रंथ तोच. यिर्मया या दुसऱ्या संदेष्ट्याचा ग्रंथ मात्र आखूड आणि लांब अशा दोन रूपांत मिळाला. तेव्हा ‘काना-मात्रा बदलली नाही’ म्हणणारे आणि ‘सगळी भेसळ’ म्हणणारे, दोघांनीही जरा दमानं घ्यावं.

कुराणाचं काय? (एक वाचक, औरंगाबाद)

बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या दोन पानांचं चामडं कार्बन चाचणीनुसार इ.स. ५६८ ते ६४५ मधलं ठरलं. पैगंबरांचं निधन ६३२ चं. (वय चामड्याचं कळतं, शाईचं नाही.) येमेनमध्ये साना इथे १९७२ साली सापडलेल्या एका पोथीत खरवडलेला जुना मजकूर आहे आणि त्यात शब्दांचे फरक दिसतात. खलिफा उस्मान यांनी एक प्रत प्रमाण ठरवून बाकीच्या जाळायला लावल्या, हे तर इस्लामी परंपराच सांगते.

‘ज्यानं पाप केलं नाही त्यानं पहिला दगड मारावा’ हा प्रसंग मूळ बायबलमध्ये नाही म्हणे. मग पाद्री तो सांगतात कशाला? (एक वाचक, वसई)

व्यभिचारात पकडलेल्या बाईला दगडांनी मारू पाहणाऱ्यांना येशू हे म्हणतो. योहानाच्या शुभवर्तमानातला (येशूच्या चरित्रातला) हा प्रसंग चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकनस या पोथ्यांत नाही. काही पोथ्यांत तो चक्क लूकच्या शुभवर्तमानात जाऊन बसलाय. बहुतेक अभ्यासकांच्या मते ही नंतरची भर. संत ऑगस्टीन यांचा संशय उलटा होता: बायका शेफारतील या भीतीनं काही पुरुषांनीच तो गाळला असावा! मला हा तर्क पटत नाही, पण त्या काळच्या नवऱ्यांबद्दल तो बरंच सांगून जातो. गंमत अशी, की पुराव्यात लंगडा असलेला हाच प्रसंग लोकांच्या मनाला सर्वांत जास्त टोचतो. पोथीचा पुरावा आणि मनाचा कौल ही दोन वेगळी खाती आहेत.

ग्रंथात स्पष्ट लिहिलंय, पण मन मानत नाही. श्रद्धाळू माणसानं काय करावं? (एक वाचक, पुणे)

बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात उर्मट, खादाड मुलाला दगडांनी मारण्याची आज्ञा आहे. मजकुराबद्दल वाद नाही. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या रब्बींनी (धर्मपंडितांनी) ती खोडली नाही, तिला अटींनी घेरलं. एका रब्बींची अट तर अशी, की आईबापांचा आवाज, रूप, उंची सारखी हवी, नाहीतर शिक्षा नाही. निष्कर्ष: असा मुलगा कधी झाला नाही, होणारही नाही, अभ्यास करा नि पुण्य मिळवा. तिथेच रब्बी योनातान मात्र म्हणतात, मी असा मुलगा पाहिलाय, त्याच्या थडग्यावर बसलोय. संपादकांनी तेही ठेवलं.

खलिफा उमर यांनी दुष्काळात चोराचे हात तोडण्याची शिक्षा थांबवल्याचं सांगतात. पुढे मुअ्तझिला हा इस्लामी विचारपंथ म्हणाला, भलंबुरं बुद्धीला कळतं. त्यांचा विरोधी अशअरी पंथ म्हणाला, देवानं सांगितलं म्हणून ते भलं. हा वाद अजून मिटलेला नाही. इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरू न्यूमन यांनी १८७५ साली लिहिलं, की प्याला उचलायचाच तर पोपसाठीही उचलीन, पण आधी विवेकबुद्धीसाठी.

आणि ‘मन मानत नाही’ म्हणजे दरवेळी विवेकच बोलतोय असं नाही. रब्बींनी वाचवलं दुसऱ्याच्या पोराला. आपलं मन बहुधा आपल्याला अडचणीचं तेवढंच मानत नाही.