पहिलं अपील हातात घेताना

अभिनंदन गं! हायकोर्टात नुकती आलीस आणि पहिलंच अपील बलात्काराच्या खटल्यातलं. घाबरू नकोस. निकालपत्र बाजूला ठेव, आधी पेपरबुकातली (अपिलासाठी एकत्र बांधलेल्या खटल्याच्या कागदपत्रांतली) पीडितेची साक्ष सरतपासणीपासून (तिला बोलावणाऱ्या पक्षाच्या प्रश्नांपासून) उलटतपासणीपर्यंत सलग वाच. अपिलात पुरावा नव्याने तोलला जातो, पण तिला बोलताना सत्र न्यायाधीशांनीच पाहिलेलं असतं. त्याला वजन आहे.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- ‘दुजोरा (साक्षीला पाठबळ देणारा दुसरा पुरावा) नाही, म्हणून केस पडली.’ नाही! साक्ष विश्वासार्ह असेल तर ती एकटी पुरते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हे ठामपणे सांगितलंय.
- किरकोळ तफावतींचे लांबलचक तक्ते. साडेआठ की नऊ, याने काही बिघडत नाही. पण पोलिसांपुढच्या जबाबात नसलेली मूळ घटनेतलीच मोठी गोष्ट कोर्टात पहिल्यांदा आली, तर अपील तिथेच फिरू शकतं. तेवढ्या ओळींवर खूण कर, बाकी सोड.
- अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती. हे लिहूच नकोस. प्रतिकार न करणं म्हणजे संमती नव्हे, असं कायद्यातच आहे.

आणि मेमोत, म्हणजे अपिलाच्या अर्जात, पीडितेचं नाव कुठेही नको. ओळख पटेल असा गावाचा, शाळेचा उल्लेखसुद्धा झाक.

निर्दोष सुटकेविरुद्धच्या अपिलाचे निकष वेगळे, ते नंतर बघू.