जर्मनीला जायचंय, पण कोणत्या व्हिसावर?

सांगलीहून एका वडिलांनी विचारलंय: "मुलगा 25 वर्षांचा, मेकॅनिकलचा बीई. दोन वर्षं चाकणला नोकरी करतोय. जर्मनीत नोकरी करून राहायचं म्हणतो. एक एजंट म्हणतो, टुरिस्ट व्हिसावर पाठवतो, तिथे गेल्यावर व्हिसा बदलून घेऊ. दुसरा म्हणतो, खाजगी विद्यापीठात मास्टर्सला घाला. काय करावं?"

नमस्कार,

टुरिस्ट व्हिसाचा विचार आजच सोडा. या व्हिसावर, म्हणजे शेंगेन व्हिसावर, 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, नोकरी करता येत नाही. तिथे नोकरी मिळाली तरी सहसा भारतात परत येऊन नव्याने अर्ज करावा लागतो.

मास्टर्स करावं ते शिकायचं असेल तरच. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात सेमिस्टरला 1,500 युरो आहे. विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (भारतातली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) लागतं आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो (2025 चा दर) ठेवावे लागतात. शिकताना वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं, पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. मार्ग उत्तम आहे, पण केवळ व्हिसासाठी खाजगी विद्यापीठाची लाखांची फी भरणं मला पटत नाही.

तुमच्या मुलाला नोकरीच करायची आहे. त्याच्यासाठी जून 2024 पासून ऑपॉर्च्युनिटी कार्ड आहे; जर्मन लोक त्याला शान्सनकार्टे म्हणतात. त्यावर एक वर्ष तिथे राहून नोकरी शोधता येते, आणि तोवर आठवड्याला 20 तास काम करता येतं.

या कार्डासाठी वय, अनुभव, भाषा यांचे गुण धरले जातात. लोक इथे थेट ते गुण मोजायला बसतात, आणि तिथेच चुकतात. आधी परदेशी पदव्यांची नोंद असलेल्या अनाबिन या जर्मन संकेतस्थळावर पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं नाव शोधा, कॉलेजचं नाही. विद्यापीठासमोर 'एच प्लस' (म्हणजे मान्यताप्राप्त) आणि पदवी जर्मन पदवीच्या तोडीची अशी नोंद असेल, तर मुलगा कुशल कर्मचारी ठरतो आणि गुण मोजावेच लागत नाहीत. दोन्ही पानांच्या प्रिंट काढून ठेवा. पदवी यादीत नसेल, तर परदेशी पदव्या तपासणाऱ्या झेडएबी या जर्मन संस्थेकडून 208 युरो भरून तुलनापत्र मागवता येतं.

ते जमलंच नाही, तरच गुण. किमान सहा हवेत. वय 35 च्या आत म्हणून दोन, गेल्या पाच वर्षांतल्या त्याच क्षेत्रातल्या दोन वर्षांच्या अनुभवाचे दोन, इंजिनिअर हा जर्मनीत माणसं कमी पडणाऱ्या पेशांच्या यादीत असल्याने एक: झाले पाच. जर्मन भाषेची ए2 पातळी झाली की सहावा, बी1 झालं की सात (पातळ्या चढत्या क्रमाने ए1, ए2, बी1, बी2 अशा असतात). शिवाय जर्मन ए1 किंवा इंग्रजी बी2 ही किमान अट आहेच. गल्लीतल्या क्लासचं प्रमाणपत्र चालत नाही. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात होते तशी मान्यताप्राप्त परीक्षा द्यावी लागते.

अनुभवाच्या पत्रावर बरेच अर्ज अडतात. ऑफर लेटर पुरत नाही. रुजू झाल्याची तारीख, हुद्दा आणि नेमकं काम लिहिलेलं कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र घ्या, सोबत पगारपत्रकं जोडा. दोन वर्षांना एक महिना जरी कमी भरत असेल, तरी थांबा आणि मग अर्ज करा.

खर्चाची तयारी मात्र या कार्डाला विद्यार्थी व्हिसापेक्षा जास्त लागते. 2025 च्या दराने महिन्याला 1,091, म्हणजे वर्षाचे 13,092 युरो दाखवावे लागतात. एवढे पैसे कर्ज काढून उभे करणार असाल, तर नोकरी वर्षात मिळाली नाही तर हप्ते कसे फेडायचे, हे मुलासोबत बसून आधी ठरवा. नोकरी मिळण्याची हमी या कार्डात नाही, आणि कारखान्यात जर्मन बोलता येत नसेल तर मेकॅनिकलमध्ये दारं फार कमी उघडतात. म्हणून मी त्याला बी1 पूर्ण केल्याशिवाय निघू देणार नाही.

दरम्यान इथूनच जर्मन कंपन्यांना अर्ज करत राहू द्या. हाती थेट ऑफर आली, तर या कार्डाची गरजच नाही. 2025 मध्ये टंचाईच्या पेशांसाठी वार्षिक 43,759.80 युरो पगारावर ब्लू कार्ड (पदवीधरांसाठीचा नोकरी आणि वास्तव्याचा परवाना) मिळत होतं; ते मिळाल्यावर बी1 जर्मन असेल तर 21 महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. रक्कम दर जानेवारीत बदलते, म्हणून ऑफर आल्यावर त्या वर्षीचा आकडा जर्मन सरकारच्या संकेतस्थळावर पाहा.