नोकरी सांभाळून महिन्यातून तीन-चार तासच मिळतात. एवढ्यात उपयोगी पडेल असे कोणते स्वयंसेवी काम करता येईल?

अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक व्हावे, म्हणजे परीक्षेत विद्यार्थी सांगेल ते उत्तर उत्तरपत्रिकेत लिहून द्यावे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासामागे किमान वीस मिनिटे वाढवून मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. तेवढ्यापुरती अर्धी रजा टाकली की काम पुरे होते आणि मागे काही राहत नाही.

मी पदवीधर आहे आणि एम.ए.च्या पेपरांना लेखनिक म्हणून बसतो. इतिहासाच्या एका पेपराला विद्यार्थी माझ्यापेक्षा वयाने बराच लहान होता, पण त्या खोलीत हुकूम त्याचाच चालत होता : नवा परिच्छेद घ्या, तहाच्या नावाखाली रेघ मारा, शेवटचे वाक्य वाचून दाखवा. वसईच्या तहाचे साल त्याने १८०३ सांगितले. तो तह १८०२ च्या अखेरच्या दिवशी झाला हे ठाऊक असूनही मी १८०३ च लिहिले, कारण लेखनिकाने स्वतःचे ज्ञान उत्तरपत्रिकेत उतरवले की ती परीक्षा त्या विद्यार्थ्याची राहत नाही. पुढे उत्तर वाचून दाखवताना त्याने मला थांबवले आणि साल स्वतःच दुरुस्त करून घेतले. तीन तास होताच पर्यवेक्षक उत्तरपत्रिका मागू लागले, तेव्हा त्याने खिशातून वाढीव वेळेच्या परिपत्रकाची घडी काढून पुढे केली, "सर, केंद्रसंचालकांना विचारून या, तोवर आम्ही लिहितो," असे म्हणाला आणि पुढचे वाक्य सांगू लागला.

हे विस्ताराने लिहिण्याचे कारण म्हणजे माझा एक जुना मित्र. त्याच्या संस्थेत स्वयंसेवकाला दिवसभराचे परिचय शिबिर, दर शनिवारची हजेरी आणि मासिक बैठक सक्तीची आहे, आणि सवडीने केलेली सेवा ही निव्वळ हौस असते, असे तो मला वर्षानुवर्षे ऐकवत आला आहे. मला हे साफ अमान्य आहे. ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे किंवा ज्याची कामाची पाळी दर आठवड्याला बदलते, त्याला शनिवार देता येत नाही, यात तळमळीचा संबंध येतोच कोठे? संस्थांनी तारीख, केंद्र, विषय आणि माध्यम महिनाभर आधी कळवावे, प्रत्येक पेपराला एक राखीव माणूस ठेवावा आणि बैठका आपल्या पगारी माणसांपुरत्या ठेवाव्यात.

घराबाहेर पडणेच शक्य नसेल, तर स्कॅन केलेल्या पुस्तकाचे एखादे प्रकरण युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकाला ओळखता येणाऱ्या प्रमाणित अक्षरांत, तपासून द्यावे. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या संगणकप्रणालीला, नीट वाचता येत नाही, त्यामुळे हे काम कधी संपत नाही. अंध वाचकांसाठी अशी प्रत तयार करण्यास २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्याची आडकाठी नाही.

मात्र विद्यार्थ्याने स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण साधारणपणे त्याच्यापेक्षा एक पायरी खाली असावे लागते. दहावीच्या पेपराला तुम्ही चालणार नाही. घरात नववीतले मूल असेल तर त्याला विचारा. अक्षर सुवाच्य हवे. आणि होकार देऊन आदल्या रात्री अंग काढून घेण्याची सवय असेल, तर नाव नोंदवूच नका, कारण ऐनवेळी त्या पात्रतेचा दुसरा माणूस मिळाला नाही, तर त्या मुलाचा पेपर बुडतो.