मॉरिशसचा एक दिवस, नऊ ठिकाणं आणि सासूबाईंचे गुडघे

प्रश्न : ताई, मेच्या सुट्टीत आम्ही मॉरिशसला चाललोय, मी, नवरा, नववीतला मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. हॉटेल पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आं फ्लाकला आहे. एजंटनं एका दिवसाची 'साउथ टूर' दिलीये त्यात जहाजांच्या मॉडेलची फॅक्टरी, ज्वालामुखीचं विवर, डायमंड शोरूम, गंगा तलाव, गॉर्जेसचा व्ह्यू पॉइंट, चामारेलचा धबधबा, सात रंगांची माती, रम फॅक्टरी आणि शेवटी ल मॉर्न बीच अशी नऊ ठिकाणं आहेत. तो म्हणतो बेट एवढुसं, आरामात होतं. होतं का हो? सासूबाईंचे गुडघे दुखतात. – एक सूनबाई, नाशिक

उत्तर : होतं की, गाडीतनं उतरा-फोटो काढा-बसा असं केलं तर नऊ काय बाराही होतात, फक्त संध्याकाळी तुम्हाला आठवणार काही नाही आणि सासूबाई दुसऱ्या दिवशी खोलीतून बाहेर पडणार नाहीत. बेट एवढुसं म्हणजे उभं साधारण 65 किलोमीटर आणि आडवं 45, पण मधला भाग उंच पठाराचा, चामारेलचा रस्ता चांगला वळणावळणाचा घाट आहे, गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊनच निघावं.

आधी फॅक्टऱ्या आणि शोरूम सरळ काटा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा असल्याच एका टूरवाल्यानं आम्हाला दुकानांत पावणेदोन तास बसवलं आणि ल मॉर्नला पोचलो तेव्हा काळोख! मेमध्ये तिथे पावणेसहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, हे त्याला माहीत नव्हतं असं कसं म्हणू. तेव्हा दिवस उलटा आखा, म्हणजे चार वाजता ल मॉर्नला असायचं हे आधी ठरवायचं आणि मग सकाळी काय बसतं ते बघायचं.

विवर म्हणजे पठारावरच्या क्युरपीप गावातलं त्रू ओ सेर्फ, ते ऐच्छिक ठेवा. किनाऱ्यावर लख्ख ऊन असतं म्हणून टोपी घालून निघावं तर वर क्युरपीपला पाऊस. आग्नेयेकडून येणारे वारे समुद्रावरची वाफ घेऊन साडेपाचशे मीटरच्या पठारावर चढतात आणि तिथेच ती ओततात, पश्चिमेला कोरडे उतरतात. वाईत ऊन आणि महाबळेश्वरला धुकं, तसंच काहीसं. आणि हो, मे म्हणजे तिकडे थंडीची सुरुवात, सासूबाईंची शाल बॅगेत तळाशी टाकू नका.

गंगा तलाव मात्र चुकवू नका. हेही ज्वालामुखीचंच विवर, पाण्यानं भरलेलं, 1972 मध्ये त्यात गंगेचं पाणी मिसळलं तेव्हापासून हे नाव पडलं. महाशिवरात्रीला लोक घरापासून चालत कावडी घेऊन येतात. रस्त्याकडेला 108 फुटी शंकर उभा आहे, तो गाडीतूनही दिसतो. सासूबाईंना तलावाकाठी निवांत बसू द्या, फक्त केळी पिशवीत खोल ठेवा. माझ्या हातातून एका माकडानं केळं नाही, अख्खी पिशवी ओढली, त्यात चष्मा होता, मग पुजाऱ्यांनी बिस्कीट दाखवून तो सोडवला आणि आमच्यावरच हसले.

चामारेलची माती बघायला फार चालावं लागत नाही, कुंपणाबाहेरूनच बघायची असते, आत पाय टाकता येत नाही. तिथला काळा बेसॉल्ट झिजून झिजून माती झाली, त्यातल्या लोखंडानं लाल-तपकिरी आणि ॲल्युमिनियमनं निळा-जांभळा रंग आला. डोक्यावरच्या उन्हात सगळं फिकट दिसतं, सकाळी लवकर गेलात तर रंग उठून दिसतात, आणि सात मोजत बसू नका, मला कधी पाचच्या वर सापडले नाहीत. शेजारी अवाढव्य कासवं आहेत, नववीतला मुलगा सगळ्यात जास्त वेळ तिथेच काढेल बघा.

मग जेवून ल मॉर्न. समुद्रात घुसलेला 556 मीटरचा कातळ, गुलामगिरीच्या काळात मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या कपारीत आणि माथ्यावर लपून राहायचे, 2008 पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. मुलाला हे तिथे उभं राहून सांगा, चढायला लावू नका. खाली किनाऱ्यावर सुरूची झाडं, अगदी आपल्या नागाव-किहीमसारखी, पण लाट मात्र नाही. लाट लांब प्रवाळाच्या कडेवर फुटते, पांढरी रेघ तेवढी दिसते आणि आवाज थोडा उशिरा येतो, अलीकडे पाणी गुडघाभर, शांत. सासूबाईंना पाण्यात पाय सोडून बसता येईल, पण रबरी चप्पल घालूनच, प्रवाळाचे तुकडे तळव्याला ब्लेडसारखे लागतात. इथे दोन तास द्या. काहीही न करता.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. तिथे फिरताना खायचं काय, की थेपले न्यावेत? – एक काका, पुणे

उत्तर : थेपले न्या, विमानात खा. तिथे ढोलपुरी खा. वाटलेली पिवळी डाळ भरलेली पातळ मऊ पोळी, म्हणजे गुळाशिवायची पुरणपोळीच समजा, आतमध्ये वालाची भाजी, टोमॅटोची रुगाय म्हणजे मसालेदार रस्सा, आणि मिरचीची चटणी, मागाल तर नेहमी दोनच मिळतात, जोडीनं, कागदात गुंडाळून. पहिल्या घासाला चटणी कमी घ्या, तिथली मिरची नाकातनं पाणी काढते. फ्राइड नूडल्सला 'व्हेज' म्हणालात तरी अंडं घालतात, कारण बऱ्याच जणांच्या हिशेबी ते मांस नाही, म्हणून "सान दिझेफ" म्हणजे बिनअंड्याचं, असं आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : मॉरिशसला मराठी माणसं आहेत म्हणतात, भेटतील का? की नुसतं सांगायला? – डोंबिवलीची एक मुलगी

उत्तर : आहेत, आणि पाच-सहा पिढ्यांपासून. 1834 पासून ऊसमळ्यांसाठी मजूर नेले गेले त्यात मुंबईहून जहाजात बसलेले आपले कोकणातले लोकही होते. कागदावर लिहिणाऱ्यानं माणसाचं नावच लिहिलं आणि तेच पुढे आडनाव झालं. हेन्रिएट्टा गावात 1896 मध्ये पहिला गणपती बसवला तो भिवाजी घराण्यानं, आता हे भिवाजी कोणाचे कोण ते रत्नागिरीत कोणाला सांगता येणार! आज तिथे गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. शाळेत मराठी शिकताही येतं, पण घरात बोलणं बहुतेक क्रेओलच, म्हणजे फ्रेंचवरून आलेली तिथली बोली, तेव्हा भेटल्या भेटल्या भडाभडा मराठी सुरू करू नकोस. हळू, साधं बोल. मी एका आजींना "कशा आहात" विचारलं तर त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि मग आरतीचं पहिलं कडवं म्हणून दाखवलं, पूर्ण, एकही शब्द न चुकता.