तिफण कुणाच्या हातात आहे ते दाखवा

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या काटोल तालुक्यातल्या एका लेखकाच्या कादंबरीवर मला चित्रपट करायचा आहे. १९७०च्या दशकात कापसाच्या वावरात वाढलेल्या मुलाची, अकराव्या वर्षापासून अठराव्यापर्यंतची गोष्ट आहे. पण निम्मी कादंबरी त्याच्या मनातच चालते. निवेदन घालू का? लेखक १९९४ साली वारले. त्यांचा मुलगा ‘करा तुम्ही’ म्हणाला, तेवढं पुरेल ना?

उत्तर : निवेदन घालू नका. शेतकऱ्याच्या घरी पोराचं वय त्याच्या हातातल्या कामावरून कळतं. आधी शिदोरी पोचवणं, मग ढोरं राखणं, मग डवरा, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं औत. पेरणीची तिफण सगळ्यात शेवटी. पेरणीचे तास, म्हणजे ओळी, वाकडे गेले तर डवरताना रोपं कापली जातात, आणि तो वाकडेपणा धुऱ्यावरून (बांधावरून) जाणाऱ्या प्रत्येकाला हंगामभर दिसतो. माझ्या वडिलांनी भावाला पहिल्यांदा तिफण धरू दिली, तेव्हा बैलांचे कासरे मात्र स्वतःकडेच ठेवले होते. तुमच्या कादंबरीत मनातल्या विचारांची जी पानं आहेत, त्यांच्यासाठी असे प्रसंग शोधा. बाप काय हाती देतो आणि काय राखून ठेवतो, एवढं नीट दाखवलंत तर मुलाला काही बोलावं लागणार नाही.

सात वर्षंही घेऊ नका. मृगाच्या पेरणीपासून उलंगवाडीपर्यंतचा, म्हणजे कापसाची वेचणी संपेपर्यंतचा, एकच हंगाम घ्या आणि एकच मुलगा निवडा, मिसरूड फुटायच्या बेतात असलेला.

मग वेळापत्रक पिकाचं चालेल, तुमचं नाही. ‘पथेर पांचाली’च्या वेळी सत्यजित राय चित्रीकरणाला दुसऱ्या खेपेला गेले, तोवर काशगवताची फुलं जनावरांनी खाऊन टाकली होती, पुढच्या बहरापर्यंत थांबावं लागलं. तुमचं तर नगदी पीक आहे. फुटलेला कापूस तुमच्या कॅमेऱ्यासाठी झाडावर ठेवायला कोण तयार होईल? वरून पाऊस आला तर तो भिजतो. म्हणून दोन-चार एकर वावर हंगामभरासाठी ठरवून घ्या आणि नुकसानीचे पैसे आधीच बोला. वेचणाऱ्या बायांची मजुरी किलोवर असते, त्यांना तुम्ही दिवसाची द्या. आणखी एक : बीटी कापूस, म्हणजे जनुकबदल केलेला, आपल्याकडे २००२ नंतरचा. तुमच्या गोष्टीच्या काळातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, कशी दिसायची, हे नागपूरला वर्धा रोडवरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत विचारून या.

बोली काटोलचीच ठेवा. ‘काहून रडून रायला बे?’ हे वाक्य बापाच्या तोंडी गंभीरपणे येऊ द्या. आपली बोली पडद्यावर फार वेळा हसवण्यापुरतीच आली, याचं मला खरंच दुःख आहे.

आता हक्क. तोंडी ‘करा’ पुरत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०५४ अखेरपर्यंत, हक्क वारसांकडे आहेत. मृत्युपत्र नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, मुली सासरी असल्या तरी त्यांच्याही. करार लेखी हवा. त्यात वेगळं काही लिहिलं नसेल, तर वर्षभरात हक्क न वापरल्यास तो संपुष्टात येतो. तुमचं एक वर्ष नुसती वावरं पाहण्यात जाईल, म्हणून मुदत स्पष्ट लिहून घ्या, किमान तीन वर्षांची. वकिलाकडून कागद तपासून घेतल्याशिवाय वावराची बोलणी सुरू करू नका.