सुटीला बदली कोण?

"फोन बंद केला की जीव जास्तच घाबरतो. मग सुटीला जाऊन करायचं काय?" हा प्रश्न मला मे महिन्याच्या आधी आणि दिवाळीनंतर हमखास ऐकायला मिळतो. दिवाळीनंतर जरा जास्तच, कारण तोवर एक सुटी वाया गेलेली असते.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत नोव्हेंबरात आलेल्या एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात ते प्रॉडक्शन सांभाळतात. तिथे सगळे त्यांना 'साहेब' म्हणतात, म्हणून मीही इथे साहेबच म्हणते. वय ४३. सोबत पत्नी होती आणि पहिला अर्धा तास तीच बोलली.

दिवाळीत चौघं गाडीने रत्नागिरीला निघाले होते. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, पुढे आंबा घाट. आदल्या रात्री साहेबांनी घरात जाहीर केलं होतं, या वेळी फोन डिकीत. मंगळवेढ्याला चहाला थांबले तेव्हा तो डिकीतून खिशात आला. मिरजेला खिशातून स्टिअरिंगजवळच्या स्टँडवर. घाट उतरायला लागले आणि रेंज गेली. जागा मिळताच त्यांनी गाडी वळवली, परत वर आंब्याला आले आणि रेंज आली त्या टपरीसमोर तासभर उभे राहिले. आलेले मेसेज सगळे दिवाळीच्या शुभेच्छांचे. सातवीतली मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही यायलाच नको होतं."

हे सांगताना वहिनींचा आवाज चढला नाही. साहेब पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते, लावत होते.

छातीतली धडधड त्यांनी आधीच डॉक्टरांना दाखवली होती, ईसीजी ठीक होता. हे मी सगळ्यांना आधी विचारते. धडधड म्हणजे टेन्शनच, असं परस्पर ठरवणं बरं नाही. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सुटीचे बेत बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांकडे जावं किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर बोलावं.

सुरुवातीच्या वर्षांत मीही लोकांना 'फोन बंद करा' एवढंच सांगायचे. आता सांगत नाही. फोन बंद केला म्हणून काम मिटत नाही, फक्त त्याची खबर थांबते. आणि अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घोळत राहतं. १९२७ साली बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी प्रयोगांतून मांडलं होतं की मध्येच तोडलेलं काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं. नंतरच्या कित्येक प्रयोगांत मात्र तसं आढळलं नाही. मला त्याहून उपयोगी वाटतं ते मासिकँपो आणि बाउमायस्टर या दोघांचं २०११ सालचं काम. त्यात दिसलं की टोचणी कमी व्हायला काम पुरं करावंच लागतं असं नाही. ते कधी, कुठे, कसं करायचं हे पक्कं ठरवलं तरी मन बरंचसं सैल होतं.

म्हणून मी विचारलं, "निघताना कुणाला काय देऊन गेला होता?"

साहेब हसले. "देतो कुणाला ओ? हाताखालचा पोरगा हुशार आहे, पण त्याला शेड कळत नाही."

रंगवलेल्या सुताचा प्रत्येक लॉट एकसारखा उतरत नाही. मंजूर नमुन्यापेक्षा शेड जरा गडद किंवा फिकी झाली तर माल पुढे सोडायचा की रोखायचा, हे कुणीतरी ठरवावं लागतं. तो कुणीतरी म्हणजे गेली अकरा वर्षं हेच. मी विचारलं, पोराला शिकवलं का नाही? त्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग अचानक वडिलांबद्दल बोलायला लागले.

प्रत्येक बेचैनीचं मूळ बालपणात उकरून काढायची मला हौस नाही. पुष्कळदा तिथे काही सापडतही नाही. पण हे त्यांनी आपणहून काढलं. वडील गिरणीत 'बदली' म्हणून लागले होते. बदली म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागी उभा राहणारा. रोज गेटवर जायचं, नाव पुकारलं तर काम, नाहीतर डबा घेऊन परत. पुढे ते कायम झाले. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली निघाली आणि नंतर कितीतरी पिढ्यांची घड्याळं भोंग्यावर चालली. नव्वदच्या दशकात त्यांच्या वडिलांच्या गिरणीचा भोंगा थांबला. साहेब तेव्हा सहावीत होते.

"त्या दिवशी भोंगा वाजलाच नाही, मॅडम. आई म्हणाली, आपलंच घड्याळ पुढे गेलं असेल."

घाटात रेंज गेल्यावर त्यांना कुठली शांतता ऐकू आली असेल, हे मला समजावून सांगावं लागलं नाही. दुसरी भीती त्यांनी पुढच्या भेटीत बोलून दाखवली. बदली एकदा चांगला उभा राहिला की मूळ माणसाची गरज काय?

तर आमचं काम फोनवर झालंच नाही, त्या पोरावर झालं. तीन आठवडे रोज वीस मिनिटं साहेबांनी त्याच्या हातात मंजूर नमुना आणि नवा लॉट दिला, एकाच उजेडात धरायला लावला आणि स्वतः तोंड बंद ठेवलं. तोंड बंद ठेवणं सगळ्यात जड गेलं, असं ते म्हणाले. मग एका कागदावर लिहिलं: कुठले निर्णय त्याने घ्यायचे, कुठले चार दिवस थांबले तरी चालतील आणि कशासाठी फोन करायचाच. या शेवटच्या रकान्यात आधी नऊ गोष्टी होत्या. मी काही खोडलं नाही, फक्त विचारत गेले. दोन उरल्या.

मालकांची परवानगी काढायची तर मोठी धास्ती. मालक म्हणाले, "जावा की. कोण अडवलंय?"

हे सगळ्यांच्या नशिबी नसतं, हेही सांगते. रात्री अकराला फोन न उचलल्याबद्दल बोलणी खाणारे माझ्याकडे येतात, त्यांना असला कागद पुरत नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून दूर राहण्याच्या हक्काचा कायदा आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, पण बहुतेक खासगी विधेयकांसारखं त्याचाही कायदा झाला नाही. तिथे दोष माणसाच्या मनाचा नसतो आणि मी तसा तो लावतही नाही.

एकदम चार दिवसांची सुटी मी त्यांना घेऊ दिली नाही. आधी एका रविवारची सकाळ, नान्नजला. शहरापासून वीसेक किलोमीटर, माळढोकसाठी १९७९ साली जाहीर झालेल्या अभयारण्याचा माळ. माळढोक दिसणं आता मोठ्या नशिबाची गोष्ट, काळवीट मात्र दिसतात. फोन चालू, खिशात. अट एवढीच की दर वेळी तो बघितला की वेळ लिहायची. सात नोंदी झाल्या. मजा म्हणजे काळवीटांचा कळप समोरून उड्या मारत गेला त्या पाऊण तासात एकही नाही आणि गाडी चालवतानाच्या दीड तासात पाच.

रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने म्हटलंय तसं, ठरवून दिलेलं लक्ष थकतं, आणि गवतावरचा वारा, वाहतं पाणी असं सहज ओढून घेणारं काही समोर आलं की त्याला विश्रांती मिळते. आता महामार्गावर ऊसाच्या ट्रॉल्या चुकवत गाडी हाकणारा माणूस कुठलं लक्ष वापरतो? रस्त्याने निसर्ग बघत जायचं म्हणून निघतो आणि चालवणाऱ्याच्या वाट्याला फक्त डांबर येतं. मी वहिनींना विचारलं, "तुम्हाला गाडी येते?"

"लायसन आहे, आठ वर्षांपूर्वीचं. हे देतात कुठे?"

तोही एक बदलीच, म्हणायला हरकत नाही. वहिनींनी आधी हत्तरसंग कुडलपर्यंत चालवली, भीमा-सीना संगमापाशी. साहेब सारा रस्ता उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होते, असं मुलीने मला नंतर सांगितलं.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आटोपल्यावर ते पुन्हा रत्नागिरीला निघाले. तोच रस्ता, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून. त्या चार दिवसांत कारखान्यात काहीच झालं नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी पोराने निळ्याचा एक लॉट रोखला. साहेबांच्या मते तो सोडायला चालला असता. त्यामुळे माल एक दिवस उशिरा निघाला आणि परत आल्यावर मालकांनी ऐकवलं. हे त्यांनी मला जरा कडवटपणेच सांगितलं. मी त्यांची समजूत काढली नाही. पोरगा आहे अजून, एवढंच ते स्वतःशी म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा नमुने घेऊन बसवणार असल्याचंही.

शेवटी मी विचारलं, "आणि आंबा घाट? या वेळी बघितला का नीट?"

साहेब वहिनींकडे बघायला लागले.

"कुठला बघतात," त्या म्हणाल्या. "रेंज गेली तेव्हा घोरत होते. साखरप्याला उठवलं."