शेवटचं प्रकरण काढून टाक

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

वही वाचली, सोबतचं पत्रही वाचलं. उचगावच्या संमेलनात कुणीतरी तुला म्हणालं, प्रेमकथा झकास आहे, विज्ञान तेवढं काढ. कॉलेजातले सर म्हणाले, प्रेम कमी कर म्हणजे विज्ञानकथा उभी राहील. आणि तू दोघांचं ऐकून डोक्याला हात लावून बसलीस. दोघांचंही सोड. तुझं दुखणं तिसरंच आहे आणि ते शेवटच्या प्रकरणात आहे.

तू घातलेला नियम पक्का आहे. यान प्रकाशाच्या 99 टक्के वेगानं जातं, त्यामुळे यानात 1 वर्ष सरलं की इथं जवळजवळ 7 सरतात. तुझा खानापूरचा पोरगा पाच वर्षांनी मोठा होऊन परत येतो, बेळगावातल्या वडगावची ती पस्तीस वर्षांनी. बावीसची सत्तावन्न. इथवर मी जेवायचं विसरून वाचत होतो. मग तू काय केलंस? एक शास्त्रज्ञ मामा आणलास, त्यानं तळघरातनं यंत्र काढलं आणि तिचं वय उतरवलं! कुणी मागितलं होतं गं?

नियम एकदा घातला की तो प्रेमात पडलेल्यांसाठीही वाकवायचा नाही. नेहमीच्या प्रेमकथेत आईबाप असतात, जात असते, पैसा असतो. रडून, भांडून, पळून जाऊन त्यातनं वाट निघते. वेगाची मनधरणी कशी करणार? विज्ञान हवंय ते एवढ्यासाठीच.

आणि ही काही हवेतली गोष्ट नव्हे. चोर्ला घाटात तुझा मोबाईल वळणं बरोबर दाखवतो ना? वर फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं वेगामुळे थोडी मागे पडतात, पण उंचावर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून त्याहून जास्त पुढे पळतात, आणि एकूण आपल्यापेक्षा रोज 38 मायक्रोसेकंद (सेकंदाचे 38 दशलक्षांश) पुढे जातात. आइनस्टाइनच्या गणितानं तो फरक काढला नाही तर दिवसाला दहाएक किलोमीटरची चूक साठत जाईल. तिथं कुणाचे लाड होत नाहीत, मग तुझ्या नायकाचे का?

लाड तू आणखी एके ठिकाणी केलेस. ती रात्री यंत्रमाग बंद करून त्याला विचारते, ‘जेवलास काय?’ आणि झोपायच्या आत उत्तर येतं. अगं, सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, तो 4.24 प्रकाशवर्षांवर, म्हणजे प्रकाशालाही एका बाजूनं तेवढी वर्षं लागतात. प्रश्न जाऊन तिथनं उत्तर यायचं म्हटलं तरी साडेआठ वर्षं, आणि तुझं यान तर त्याच्या कितीतरी पलीकडे गेलंय. हे लिही की! तिनं विचारलं तेव्हा बाप धोट्यात कांडी भरत होता. मधल्या काळात बाप गेला, माग भंगारात गेले, भावानं घर वाटून घेतलं. आणि एके दिवशी उत्तर आलं, ‘हो, आत्ताच जेवलो.’ यापुढे मामाचं यंत्र काय चाटायचंय?

माझं बाड कपाटात पडून आहे, तुला ठाऊक आहे. एका प्रकाशकानं सांगितलं होतं, शेवटी दोघांना एकत्र आणा, लगेच छापतो. मी नाही म्हणालो. छापलं असतं तर चार लोकांनी ओळखलं असतं, त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्या प्रकाशकाचं म्हणणं तरी काय, तर वाचणारी बाई रडत पुस्तक मिटेल. मिटू दे की! निदान तिला फसवलं तर नाही. हेकट म्हणतात मला गावात. म्हणोत. नियम वाकवला असता तर ते पुस्तक माझं राहिलं नसतं.

स्थळ पुणं करू का म्हणून विचारतेस. डोकं ठिकाणावर आहे काय? समज, 1990 ला गेलेला कुणी पाच वर्षांनीच मोठा होऊन 2025 ला सांबऱ्याच्या विमानतळावर उतरला. बेळगावचं 2014 ला बेळगावी झालेलं. हलग्याजवळ कर्नाटक विधिमंडळाची सुवर्ण विधानसौध, 2012 ची. तो रिक्षावाल्याला विचारणार, सीमाप्रश्न सुटला काय? 1956 पासूनचं घोंगडं तसंच भिजत पडलंय, वर 2004 चा सुप्रीम कोर्टातला दावा. अर्धं ओळखू येईना आणि अर्धं जागचं हललं नाही, असं गाव तुला आयतं मिळालंय. पुण्यात कशाला जातेस?

आता शेवट. तो सत्ताविसाचा, ती सत्तावन्नची, दोघं वडगावच्या त्या अरुंद गल्लीत समोरासमोर. ती काय बोलेल ते तू ठरव, मी सांगणार नाही. लग्न लावायचं असेल तर लाव, पण सत्ताविसाचं आणि सत्तावन्नचंच लाव, आणि गल्लीतल्या बायका काय बोलल्या तेही लिही. तिनं दार लावून घेतलं तरी चालेल. मामाला तेवढं घरी पाठव.

कडोलीच्या संमेलनाआधी वही घेऊन ये. आणि तेराव्या प्रकरणातला हिशेब परत कर, तिथं तू सातच्या जागी नवानं गुणलंयस.

तुझा,
काका